पडणे, अलार्म आणि वृद्धांची मोकळीक : दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील एका प्रतिबंधक उपायाची चिकित्सा

गोषवारा

दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील वृद्धांचे पडणे टाळण्यासाठी अंथरुणाला, खुर्चीला अथवा कपड्यांना जोडलेले अलार्म वापरण्याची पद्धत अमेरिकेत व अन्य काही देशांत रूढ झाली. वृद्धांना बांधून ठेवण्याच्या जुन्या प्रथेला मानवी पर्याय म्हणून या उपकरणांकडे पाहिले गेले. प्रस्तुत लेखात या उपकरणांची कार्यपद्धती, त्यांच्या परिणामकारकतेविषयीचे संशोधन, नियामक भूमिकेतील बदल आणि समर्थनार्थ मांडले जाणारे युक्तिवाद यांची तपासणी केली आहे. अलार्म हालचालीची सूचना देतो, पण पडणे टाळत नाही. आणि हालचाल हाच अपराध मानला गेल्याने तो पुन्हा एका अदृश्य बंधनाचे रूप धारण करतो, असे या चिकित्सेतून दिसून येते.

प्रस्तावना

वार्धक्यातील पडणे ही घटना क्षणभराची असते. तिचे परिणाम मात्र उरलेल्या आयुष्यावर पसरतात. खुब्याचे हाड मोडलेली व्यक्ती पुन्हा पूर्वीसारखी चालेल याची खात्री देता येत नाही. काहीही न मोडता सावरलेल्या व्यक्तीच्या मनातही पडण्याची धास्ती घर करून राहते आणि त्या धास्तीपोटी तिचे चालणे-फिरणे कमी होत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार पासष्ट वर्षे व त्यावरील वयाच्या २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी पडतात. दीर्घकालीन निवासी संस्थांमध्ये हे प्रमाण ३० ते ५० टक्के असून, पडणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्तींवर पुन्हा पडण्याची वेळ येते.

महाराष्ट्रात ‘शुश्रूषागृह’ हा शब्द बहुधा लहान खासगी रुग्णालयासाठी वापरला जातो. येथे मात्र तो वेगळ्या अर्थाने योजला आहे. स्वतःचे दैनंदिन व्यवहार एकट्याने पार पाडू न शकणाऱ्या, बहुतांशी वृद्ध आणि अनेकदा स्मृतिभ्रंशाने ग्रस्त अशा व्यक्ती जेथे महिनोन्‌महिने, कित्येकदा अखेरपर्यंत राहतात, ती संस्था येथे अभिप्रेत आहे. रुग्णालयातून रुग्ण घरी जातो. शुश्रूषागृह हेच निवासी वृद्धाचे घर असते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे, कारण रुग्णालयात चार दिवस सहन करता येणारी गोष्ट घरात चार वर्षे सहन करावी लागणे ही निराळी बाब ठरते.

अशा संस्थांमध्ये पडण्यावर उपाय म्हणून जी साधने आली, त्यांत अलार्मचे स्थान विशेष आहे. ते स्वस्त आहे, बसवण्यास सोपे आहे आणि काहीतरी केले जात असल्याची प्रत्यक्ष, कानांना ऐकू येणारी साक्ष देणारे आहे. ही साक्ष नेमकी कशाची आहे, हा प्रस्तुत चिकित्सेचा विषय आहे.

उपकरणाचे स्वरूप व कार्यपद्धती

या वर्गातील उपकरणे रचनेने भिन्न असली तरी त्यांचे तत्त्व एकच आहे. गादीखाली अथवा खुर्चीच्या आसनावर दाब ओळखणारी पट्टी ठेवली जाते. शरीराचा भार त्या पट्टीवरून उठला की आवाज होतो. दुसऱ्या प्रकारात एक दोरी एका टोकाला वृद्धाच्या कपड्याला चिमट्याने अडकवलेली असते व दुसऱ्या टोकाला चुंबकाने यंत्राशी जोडलेली असते. व्यक्ती पुढे झुकली की चुंबक सुटतो आणि यंत्र वाजू लागते. पलंगालगत जमिनीवर पसरलेली चटई पाय पडताच इशारा देते. काही ठिकाणी अवरक्त किरणांचा झोत छेदला गेल्याने सूचना मिळते, तर काही ठिकाणी खुर्चीचा पट्टा सोडताच ती मिळते.

मदतीसाठी वृद्धाने स्वतः दाबायची कळ आणि येथे विचारात घेतलेली उपकरणे यांत मूलभूत फरक आहे. कळ दाबणारी व्यक्ती स्वतः बोलावते. अलार्मच्या बाबतीत मात्र व्यक्तीने काहीही मागितलेले नसते. ती केवळ हललेली असते. त्याचप्रमाणे स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती इमारतीबाहेर निघून जाऊ नये म्हणून दारांना लावलेली यंत्रणा हाही स्वतंत्र विषय असून त्याचा येथे समावेश नाही.

कार्यपद्धतीच्या या वर्णनातूनच एक अडचण समोर येते. आसनावरील पट्टी वाजते ती भार उठल्यावर, म्हणजे व्यक्ती उभी राहू लागल्यावर. उभे राहण्याची क्रिया काही सेकंदांची असते. त्या वेळी एखादी परिचारिका लांबवरच्या खोलीत दुसऱ्या वृद्धाची कुशी बदलत असेल, तर तिचे काम अर्धवट टाकून, हात मोकळे करून, योग्य खोली ओळखून तेथे पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. सूचना आणि संरक्षण यांच्यामध्ये माणसाने चालून जाण्याचे अंतर असते. यंत्र ते अंतर मोजत नाही, कमीही करत नाही.

बांधून ठेवण्यापासून अलार्मपर्यंत

अलार्मचा प्रसार समजून घेण्यासाठी त्याआधीची परिस्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत वृद्धांना पट्ट्यांनी, बंडीसारख्या कपड्यांनी किंवा समोर अडकवलेल्या फळीने खुर्चीला जखडून ठेवणे ही एकेकाळी सर्वसामान्य बाब होती. त्यामागे क्रौर्य होते असे म्हणता येणार नाही. बांधलेली व्यक्ती पडणार नाही, असा प्रामाणिक समज त्यामागे होता. १९८६ साली तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने शुश्रूषागृहांतील सेवेच्या गुणवत्तेवर अहवाल दिला आणि त्यापाठोपाठ १९८७ साली शुश्रूषागृह सुधारणा कायदा संमत झाला. शिस्त लावण्यासाठी अथवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी लादलेल्या बंधनांपासून मुक्त असणे हा निवासी व्यक्तीचा हक्क या कायद्याने मान्य केला.

कायद्याने नैतिक बाजू मांडली, तर संशोधनाने व्यावहारिक समजालाच धक्का दिला. मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ शुश्रूषागृहांतील ३९७ वृद्धांचे निरीक्षण केले होते. बांधून न ठेवलेल्यांपैकी ५ टक्के व्यक्तींना पडून गंभीर इजा झाली, तर बांधून ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण १७ टक्के आढळले. ज्यांना बांधले जाते ते मुळातच अधिक दुर्बल असू शकतात, हा आक्षेप येथे घेता येतो. तथापि अशा घटकांचा हिशेब करूनही बंधनामुळे इजा कमी होतात असे दिसले नाही, ही बाब निर्णायक ठरली.

बंधने सोडली जाऊ लागली तेव्हा एक पोकळी निर्माण झाली. वृद्ध मोकळे झाले, परंतु त्यांच्याकडे लक्ष देणाऱ्या हातांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. पडण्याची भीती तशीच राहिली; तिच्यात कुटुंबीयांच्या तक्रारींची व न्यायालयीन दाव्यांची भीती मिसळली. ही पोकळी भरून काढण्यास अलार्म सोयीचा होता. तो शरीराला जखडत नव्हता आणि तरीही देखरेख चालू असल्याचे समाधान देत होता. पट्टा गेला आणि दोरी आली. फरक इतकाच की ही दोरी शरीराला न आवळता यंत्राला जोडलेली होती.

पुराव्याची तपासणी

कोणताही उपाय रूढ होण्यापूर्वी त्याची परीक्षा व्हावी अशी अपेक्षा असते. अलार्मच्या बाबतीत क्रम उलटा झाला. वापर आधी फोफावला, कठोर परीक्षा नंतर झाली.

रोनाल्ड शॉर व सहकाऱ्यांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात सर्वाधिक उद्धृत केला जातो. अमेरिकेतील एका शहरी रुग्णालयाच्या १६ विभागांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी करण्यात आली. काही विभागांत पलंगाच्या अलार्मचा वापर वाढावा म्हणून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण व साहाय्य देण्यात आले. उर्वरित विभागांत नेहमीची पद्धत चालू राहिली. एकूण २७,६७२ रुग्ण या अभ्यासाच्या कक्षेत आले. अलार्मचा वापर अपेक्षेप्रमाणे पुष्कळ वाढला. परंतु पडण्याचे प्रमाण, पडून होणाऱ्या इजा आणि रुग्णांना बांधून ठेवण्याचे प्रमाण यांपैकी कशातही लक्षणीय फरक पडला नाही.

या निष्कर्षावर असे म्हणता येईल की, दोष कल्पनेचा नसून कर्कश आवाजाचा किंवा जुन्या तंत्राचा असावा. या शंकेचे उत्तर काही अंशी ओपिंदर सहोता व सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या प्रयोगात मिळते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झालेल्या या प्रयोगात पलंग व शेजारची खुर्ची या दोहोंना दाबसंवेदक जोडून त्यांची सूचना थेट कर्मचाऱ्यांजवळील पेजरवर पाठवण्यात आली. १,८३९ रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली. संवेदक असलेल्या गटात पलंगालगत ८५ वेळा, तर संवेदक नसलेल्या गटात ८३ वेळा रुग्ण पडले. दर हजार रुग्णदिवसांमागे हे प्रमाण अनुक्रमे ८.७१ आणि ९.८४ इतके होते व हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. सूचना पोहोचवण्याची रीत बदलूनही फलित बदलले नाही.

एक मर्यादा येथे नोंदवणे न्यायाचे होईल. हे दोन्ही प्रयोग रुग्णालयांत झालेले आहेत. रुग्णालयातील रुग्ण तीव्र आजारात असतो, त्याला जागा अनोळखी असते आणि त्याचा मुक्काम अल्प असतो. म्हणून तेथील निष्कर्ष शुश्रूषागृहांना जसाच्या तसा लागू करणे घाईचे ठरेल. परंतु ही मर्यादा अलार्मच्या समर्थकांना फारसा आधार देत नाही. सूचना मिळताच धावून जाणारे मनुष्यबळ रुग्णालयात सहसा अधिक असते. तेथेही लाभ दिसला नसेल, तर मोजक्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या शुश्रूषागृहात तो दिसेल, हे सिद्ध करण्याची जबाबदारी लाभाचा दावा करणाऱ्यावर येते. कॉक्रेन संस्थेच्या २०१८ सालच्या व्यापक आढाव्यात ९५ प्रयोगांचा समावेश होता. त्यातही रुग्णालयांतील पलंगाच्या अलार्मचा परिणाम अनिश्चित असल्याचाच निर्वाळा देण्यात आला.

शुश्रूषागृहांतून आलेला पुरावा आकाराने लहान आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या एका संस्थेत अलार्म पूर्णतः काढून टाकल्यानंतरची निरीक्षणे २०११ साली प्रसिद्ध झाली. पडण्याचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही, असे त्यांत आढळले. एकाच संस्थेतील, तुलनागट नसलेल्या अशा अभ्यासावर मोठी इमारत उभी करता येत नाही. तरीही अलार्म काढला की वृद्ध धडाधड पडू लागतील, ही जी भीती व्यक्त केली जाते, तिला या अनुभवाने दुजोरा दिलेला नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

पडणे नेमके कसे घडते याविषयी स्टीफन रॉबिनोविच व सहकाऱ्यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात केलेले काम येथे उद्‌बोधक आहे. दीर्घकालीन सेवेच्या दोन संस्थांतील सार्वजनिक जागांत बसवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २२७ घटनांचे विश्लेषण त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केले. शरीराचा भार एका बाजूकडून दुसरीकडे नेताना झालेली चूक हे ४१ टक्के घटनांचे कारण होते. ठेच लागून पडण्याच्या घटना २१ टक्के होत्या. २४ टक्के व्यक्ती पुढे चालत असताना, १३ टक्के नुसत्या उभ्या असताना आणि १२ टक्के खाली बसत असताना पडल्या. शयनगृहे व स्नानगृहे या चित्रणाबाहेर राहिली, हे मान्य केले पाहिजे. तरीही जी व्यक्ती आधीच चालत आहे, उभी आहे किंवा बसू पाहत आहे, तिच्या बाबतीत आसनावरून उठण्याची सूचना देणारे यंत्र काहीच करू शकत नाही. पडण्याची कारणे तोलात, स्नायूंच्या बळात, औषधांच्या परिणामात, पायांतील वहाणांत आणि जमिनीवर पडलेल्या वस्तूंत असतात. अलार्म यांपैकी एकाही कारणाला स्पर्श करत नाही.

अलार्मचा आवाज कोणासाठी?

परिणामकारकता सिद्ध नसली तरी उपाय निरुपद्रवी असेल, तर तो चालू ठेवण्यास हरकत कोणती, असा प्रश्न विचारला जातो. अलार्म निरुपद्रवी नाही, हेच या प्रश्नाचे उत्तर आहे.

रात्री दोनच्या सुमारास लघवीची भावना झाल्याने जागी झालेली एक वृद्धा कल्पनेत आणावी. ती उठून बसते आणि पाय खाली सोडून उभी राहू लागते. त्याच क्षणी तिच्या पाठीमागे कर्णकटू आवाज सुरू होतो. स्मृतिभ्रंश असल्यास तो आवाज कशाचा, हे तिला उमगत नाही. ती दचकते, गडबडीने पाऊल टाकते किंवा पुन्हा बसते. शेजारच्या पलंगावरील व्यक्तीची झोप मोडते. धावत आलेली परिचारिका स्वाभाविकपणे पहिला शब्द उच्चारते तो ‘बसा’ हा. वृद्धा बसते, यंत्र शांत होते; पण जिच्यासाठी ती उठली होती ती गरज तशीच राहते. असे चार वेळा घडले की ती उठणे सोडून देते. तिचे अंथरूण ओले होऊ लागते, पायांतील बळ ओसरते, आणि पुढे खरोखरच उठावे लागते तेव्हा पडण्याचा धोका पूर्वीपेक्षा वाढलेला असतो. प्रतिबंधक उपायानेच प्रतिबंध्य आपत्तीची तयारी करून ठेवावी, असा हा विपर्यास आहे.

कर्मचाऱ्यांवर होणारा परिणामही दुर्लक्षणीय नाही. व्यक्तीने कूस बदलली, उशी सरकवली, पुढे वाकून पाण्याचा पेला उचलला तरी यंत्र वाजते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थेने २०१३ साली रुग्णालयांतील सर्व प्रकारच्या वैद्यकीय अलार्मविषयी सावधगिरीची सूचना काढली होती. ८५ ते ९९ टक्के अलार्म असे असतात की ज्यांवर वैद्यकीय कृतीची गरजच नसते, असा अंदाज तीत नमूद होता. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. तीत मेंढपाळाचा पोर खोटे बोलत होता. येथे यंत्र खोटे बोलत नाही, ते केवळ भेद करू शकत नाही. परिणाम मात्र एकच होतो. कान आवाजाला सरावतात आणि ज्या एका वेळी धावायला हवे, त्या वेळी पावले नेहमीच्याच गतीने पडतात.

मग हा आवाज कोणाच्या कामी येतो? घटना घडल्यानंतर नोंदवहीत ‘अलार्म लावलेला होता व चालू होता’ असे लिहिता येते. चौकशी करणाऱ्यास, नातेवाइकांस आणि प्रसंगी न्यायालयास दाखवण्यासाठी हे वाक्य मोलाचे असते. पडणे टाळण्याचे साधन अशा रीतीने पडल्यानंतरच्या बचावाचे साधन बनते. यात एखाद्या व्यवस्थापकाचा वैयक्तिक दुष्टावा असतो असे नाही. जबाबदारीचे मोजमाप जेव्हा कृतीच्या फलितावरून न होता कृतीच्या नोंदीवरून होऊ लागते, तेव्हा नोंद करता येण्याजोगी कृतीच पसंत केली जाते. वृद्धाला सकाळी दहा मिनिटे हात धरून चालवणे हे काम असे आहे की त्याचा आवाज होत नाही.

नियामक भूमिकेतील बदल

या विषयातील अमेरिकी नियामक दृष्टीचा प्रवास लक्षणीय आहे. शुश्रूषागृहांच्या तपासणीची जबाबदारी असलेल्या मेडिकेअर व मेडिकेड सेवा केंद्राने २००९ साली निवासाच्या घरगुती वातावरणाविषयीच्या मार्गदर्शनात संस्थात्मक वळणाच्या काही प्रथा दूर करण्यास सुचवले. इतरांना ऐकू जाणाऱ्या पलंग-खुर्चीच्या अलार्मचा सरसकट व दीर्घकाळ वापर हा त्या यादीत होता. येथे अलार्मकडे गोंगाट म्हणून पाहिले गेले.

नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित मार्गदर्शनात पुढचे पाऊल टाकण्यात आले. स्थितिबदलाची सूचना देणाऱ्या उपकरणांमुळे एखादी व्यक्ती हालचाल करण्यास कचरत असेल, तर त्या उपकरणाचा परिणाम शारीरिक बंधनासारखाच आहे काय, हे तपासण्याचे निर्देश त्यात आहेत. प्रतिष्ठेची हानी, हालचालीतील घट, मलमूत्रावरील नियंत्रण सुटणे, झोपमोड, तसेच गोंधळ, भय व अस्वस्थता हे संभाव्य दुष्परिणाम तेथे स्पष्ट शब्दांत दिलेले आहेत. व्याख्येतील हा बदल तांत्रिक नाही. बंधन हे साधनाच्या आकारावरून ठरत नसून त्या साधनाने व्यक्तीच्या वागण्यावर केलेल्या परिणामावरून ठरते, असे तत्त्व त्यामागे आहे. ज्या उपकरणाला बंधनाचा पर्याय म्हणून दारातून आत घेतले, त्यालाच तीस वर्षांनंतर बंधनाच्या कक्षेत तपासण्याची वेळ आली.

तथापि नियमनाची ही वाटचाल एकसुरी नाही. ज्या मनुष्यबळाच्या तुटवड्यातून अलार्मची गरज निर्माण झाली, त्याविषयी २०२४ साली त्याच केंद्राने दर निवासी व्यक्तीमागे दररोज किमान ३.४८ तास शुश्रूषा मिळावी असा नियम केला. संस्थाचालकांच्या संघटनांनी त्यास आव्हान दिले आणि २०२५ साली टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरवला. यंत्रावरचा भरवसा कमी करा असे सांगणे सोपे. त्याच्या जागी माणूस उभा करण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

समर्थनार्थ युक्तिवादांचा परामर्श

अलार्मच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या मुद्द्यांचा विचार केल्याविना ही चिकित्सा एकांगी ठरेल. पहिला मुद्दा मनुष्यबळाचा आहे. रात्रपाळीला मोजकेच कर्मचारी असताना प्रत्येक खोलीत डोकावणे अशक्य असते. अशा वेळी यंत्राचा कान उपयोगी पडतो, असे म्हटले जाते. हा मुद्दा परिस्थितीचे अचूक वर्णन करतो, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष सदोष आहे. माणसे कमी असल्यामुळे सूचना मिळाल्यावरही जाणारे कोणी नसते. ऐकणाऱ्यांची उणीव वाजणाऱ्यांची संख्या वाढवून भरून निघत नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. पडलेली व्यक्ती तासन्‌तास जमिनीवर पडून राहण्यापेक्षा ती पडल्याचे तत्काळ कळणे श्रेयस्कर नव्हे काय? हे निःसंशय श्रेयस्कर आहे. परंतु हा लाभ लवकर मदत मिळण्याचा आहे. पडणे टाळण्याचा नाही. उपकरणाचा हा मर्यादित उपयोग प्रांजळपणे सांगितला गेला तर त्यास आक्षेप उरणार नाही. एखाद्या नव्याने दाखल झालेल्या वृद्धाची उठण्या-बसण्याची वेळ व कारण समजून घेण्यासाठी थोडे दिवस संवेदक वापरणे हेही समर्थनीय आहे. आक्षेप आहे तो निदानाच्या साधनाला कायमचा उपचार समजण्याला.

तिसरा मुद्दा नव्या तंत्रज्ञानाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे, अंगावर घालायचे संवेदक आणि हालचालीचा आधीच अंदाज बांधणाऱ्या प्रणाली आता बाजारात आहेत. त्यांच्यामुळे खोटे इशारे घटतील, अशी आशा अवाजवी नाही. परंतु सूचना कितीही अचूक झाली तरी तिचे संरक्षणात रूपांतर करणारा माणूस लागतोच. शिवाय अखंड निरीक्षणाखाली राहणाऱ्या व्यक्तीच्या खासगीपणाचा प्रश्न जुन्या, बहिऱ्या यंत्राच्या तुलनेत अधिकच तीव्र होतो.

पर्यायाची दिशा

अलार्म काढून टाकल्यावर त्याच्या जागी सिद्ध झालेला दुसरा रामबाण उपाय तयार आहे, असे सांगणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. उपरोक्त कॉक्रेन आढाव्यात शुश्रूषागृहांतील व्यायाम व बहुघटकी कार्यक्रमांचे परिणामही अनिश्चित आढळले. ड जीवनसत्त्वामुळे पडण्याचा दर बहुधा घटतो, एवढे आश्वासक विधान तेथे आहे. म्हणून अलार्मविरुद्धचा युक्तिवाद ‘याहून चांगला उपाय आहे’ असा नसून ‘चुकीचा प्रश्न विचारला जात आहे’ असा आहे.

अलार्म ‘कोण उठले?’ एवढेच सांगतो. ‘का उठले?’ हा प्रश्न माणसाला विचारावा लागतो. लघवी, भूक, तहान, दुखणे, एकाच स्थितीत बसून आलेला अवघडलेपणा, कंटाळा, हरवलेले माणूस शोधण्याची ओढ, किंवा आयुष्यभर पहाटे उठून कामाला लागण्याची सवय, यांपैकी काहीतरी त्या उठण्यामागे असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एम्पिरा या शुश्रूषागृहांच्या समूहाने याच दिशेने काम केले. प्रत्येक पडण्याच्या घटनेनंतर ती व्यक्ती त्या वेळी काय करू पाहत होती, याचा शोध घेणे आणि गोंगाट कमी करून झोप सुधारणे यांवर तेथे भर होता. एखादी व्यक्ती रोज पहाटे चारला उठत असेल, तर पावणेचारला तिच्याजवळ जाणे हा उपाय तिला बसवून ठेवण्यापेक्षा साधा आणि सभ्य आहे.

या विचाराला एक तात्त्विक अधिष्ठानही आहे. रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या संदर्भात धोका पत्करण्यातील प्रतिष्ठेची संकल्पना मांडली. अतिसंरक्षणाने माणसाचे माणूसपण हिरावले जाते, हे तिचे सार आहे. वार्धक्यशास्त्राने ही संकल्पना पुढे आपलीशी केली. अर्थात प्रतिष्ठेच्या नावाखाली दुर्लक्ष खपवून घेणे हाही धोका आहेच. ‘त्यांना मोकळीक दिली होती’ हे वाक्य ‘अलार्म लावलेला होता’ या वाक्याइतकेच पोकळ असू शकते. मोकळीक सुरक्षित व्हायची असेल तर आधाराचा दांडा, पुरेसा उजेड, न घसरणारी जमीन, योग्य उंचीचा पलंग, औषधांची नियमित फेरतपासणी आणि सोबत चालणारे माणूस या सर्वांची गुंतवणूक करावी लागते.

समारोप

अलार्मच्या इतिहासातून एक व्यापक बोध मिळतो. सद्‌हेतूने आणलेले साधन संस्थेच्या गरजांना अनुकूल ठरले की त्याची परीक्षा लांबणीवर पडते आणि परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले तरी ते सहजासहजी हटत नाही. भारतात आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वृद्धाश्रमाची आणि त्यांतील सेवांची मानके ठरवण्याची तरतूद आहे. वैद्यकीय सेवेबरोबर करमणुकीच्या साधनांचाही तीत उल्लेख आहे. अशी मानके लिहिली व राबवली जाताना यंत्रांची यादी वाढवण्याआधी हा परदेशी अनुभव विचारात घेणे हितावह ठरेल.

वृद्ध व्यक्ती उठते ही बिघाडाची खूण नाही. तिच्यात अजून इच्छा शिल्लक असल्याची ती खूण आहे. त्या इच्छेला उत्तर म्हणून आवाज द्यायचा की हात द्यायचा, यावर शुश्रूषागृह हे घर आहे की केवळ राखणीची जागा, हे ठरते. उपलब्ध पुरावा आवाजाच्या बाजूने नाही. हाताचा खर्च अधिक आहे हे खरे. परंतु तो टाळल्याने वाचलेली रक्कम वृद्धांच्या झिजलेल्या पायांतून व मोडलेल्या झोपेतून वसूल होत असते, हा हिशेबही मांडला गेला पाहिजे.